गिरणेपर्यंतची एकोणीस घरं

जागा बधिर करायचं इंजेक्शन द्यायला शिकवताना आमच्या मास्तरांनी सगळ्यात आधी सांगितलं होतं ते असं: सुई टोचली की औषध ढकलण्याआधी दट्ट्या किंचित मागे ओढा. सिरिंजमध्ये रक्त दिसलं, तर आपण शिरेत शिरलो आहोत. तिथेच थांबा, सुई काढा, दुसरी जागा बघा. हे औषध चुकून शिरेत गेलं तर माणूस आधी बरळतो, मग त्याला झटके येतात आणि मग हृदय बिघडतं. पुढे मी स्वतः मास्तर झालो, तेव्हा हीच गोष्ट शिकाऊ डॉक्टरांना इतक्यांदा सांगितली की मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरचे दट्ट्या मागे ओढल्याची नक्कल करत. आणि असं सांगणारा मी, नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत, तेच औषध मुद्दाम लहान मुलांच्या शिरेत सोडत होतो. त्याचीच ही हकिगत आहे.

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "डॉक्टर, आठवणी लिहा, पण दिवाळी आहे, पेशंट दगावलेले नकोत." मी म्हटलं, "अहो, मी भूलतज्ज्ञ. माझा पेशंट मला बघतो तो पाच मिनिटं, तीही घाबरून. जागा होतो तेव्हा सर्जनचे पाय धरतो." आमचं हे असंच असतं. भूलतज्ज्ञ म्हणजे लग्नातला आचारी. पंगत चांगली झाली तर यजमानाचं नाव, आणि भाजीत मीठ जास्त पडलं की मात्र आचारी कुठला आणला होता याची चौकशी. चाळीस वर्षांत मला पेढ्यांचे पुडे मिळाले ते बहुतेक सर्जनच्या टेबलावरून उरलेले. तक्रार नाही. पेढे तेही चांगलेच लागतात.

तर त्या औषधाबद्दल. त्याचं नाव लिग्नोकेन. खानदेशात लोकांना ते नावाने माहीत नसलं तरी अनुभवाने माहीत आहे, एक दाढ काढताना आणि दुसरं विंचू चावल्यावर. धुळ्याला होतो तेव्हा उन्हाळ्यात विंचू चावलेली मुलं यायची. पायाच्या बोटाला हात लावू द्यायची नाहीत, आणि त्यांच्याबरोबर अर्धा गाव असायचा. विषाचा उपाय वेगळा आणि त्यावर लक्षही वेगळं, पण बोटाच्या मुळाशी हे औषध टोचलं की पाचेक मिनिटांत तेच मूल चहा-बिस्किटं मागायचं. मला तेव्हापासून या औषधाचं कौतुक आहे. स्वस्त, साधं, कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात मिळणारं. त्याच्या अंगी एवढं काही असेल असं त्याच्याकडे बघून वाटत नाही.

शिरेतून ते देण्याची एक जुनी रीत आहे. ती फक्त हातापुरती. धुळ्यातच एका कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा शाळेच्या भिंतीवरून पडला आणि मनगटाच्या वर हाड मोडलं. घराणं मूळ राजस्थानचं, पण तीन पिढ्या धुळ्यात काढलेलं. मी विचारलं, "मुलानं काही खाल्लंय का?" पोट भरलेलं असताना पूर्ण भूल दिली आणि उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते, म्हणून हा प्रश्न आम्ही देवाला विचारल्यासारखा गंभीरपणे विचारतो. वडील म्हणाले, "डॉक्टरसाब, पाण्याचा थेंबही नाही." मी मुलाच्या तोंडाजवळ वाकलो आणि हळूच विचारलं, "जिलेबी गरम होती का गार?"

"गरम," मुलगा म्हणाला. वडील भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. पोरगं रडायचं थांबेना म्हणून आईनं भरवली होती.

मग पूर्ण भूल बाजूला ठेवली. मुलाचा हात उंच धरून त्यातलं रक्त उतरू दिलं, दंडावर ब्लड प्रेशरच्या पट्ट्यासारखा पट्टा घट्ट फुगवला आणि हाताच्या पाठीवरच्या शिरेतून औषध सोडलं. पट्टा फुगलेला असतो तोवर औषध हातातच अडकून राहतं. हात पांढरा-निळा ठिपकेदार दिसायला लागतो, बधिर होतो आणि मूल जागं असतानाच हाड बसवता येतं. सर्जनचं काम पाच मिनिटांत झालं. वडील म्हणाले, "झालं ना? मग सोडा की पट्टा, त्याचा हात बघा कसा दिसतोय." मी सांगितलं की औषध दिल्यापासून वीस मिनिटं व्हायच्या आत हा पट्टा सुटला तर हातातलं सगळं औषध एकदम हृदयाकडे धावेल. ते घड्याळ काढून पट्ट्याशेजारी उभे राहिले. बाराव्या मिनिटाला आमच्या नव्या डॉक्टरनं सवयीनं पट्ट्याकडे हात नेला, तर हे गरजले, "ए! अजून आठ बाकी!" तो बिचारा दोन पावलं मागे सरकला. इतका चोख मदतनीस मला पगारी माणसांतही फारसा मिळाला नाही.

ही गमतीची गोष्ट, पण तिच्यातली जिलेबी मी नीट लक्षात ठेवायला हवी होती. मुलाच्या मायेपोटी माणसं डॉक्टरशी खोटं बोलतात, आणि तेही तोंडावरची रेषा न हलवता. ते मी विसरलो आणि पुढे जळगावला चांगलाच तोंडघशी पडलो.

जळगावच्या एका खासगी इस्पितळात मी शेवटची चौदा वर्षं होतो. तिथे आम्ही दुसऱ्या रीतीनं हे औषध देऊ लागलो. पट्टा नाही, काही नाही. सरळ दंडातल्या शिरेत, पंपावर लावून, वजनाच्या हिशेबानं मोजून, अगदी संथ. का? तर काही दुखणी जखमेत नसतात, मज्जातंतूंत असतात. जखम भरते, पण तंतू ओरडत राहतात. अशा दुखण्यावर नेहमीची औषधं थकतात. हे औषध थोड्या प्रमाणात रक्तात फिरलं की काही मुलांच्या बाबतीत तो आरडाओरडा शांत होतो. सगळ्यांच्या नाही. आणि देताना हृदयाचा आलेख डोळ्यांसमोर, ऑक्सिजन हाताशी, उतारा म्हणून दुधासारख्या पांढऱ्या औषधाची बाटली उशाशी, आणि डॉक्टर खोलीत. चहाला जायचं नाही.

पण खरा पहारा यंत्राचा नसतो, मुलाचा स्वतःचा असतो. औषध जास्त व्हायला लागलं की यंत्राच्या आधी मुलाला कळतं. ओठ बधिर होतात, जिभेवर लोखंडासारखी चव येते, कानात घंटी वाजते, बोलणं जड होतं. तिथे थांबलं तर काही बिघडत नाही. नाही थांबलं तर पुढे झटके. म्हणून मी एक छापील कागद बनवला होता. "मुखात धातुसदृश चव जाणवते काय?" असे त्यातले प्रश्न. माझी आई अहिराणी बोलायची, पण मेडिकल कॉलेजात मी ती जी सोडून दिली ती दिलीच. कागदावर मुलांची उत्तरं एकाखाली एक "नाही" अशी यायची आणि मी खूश व्हायचो.

त्या कागदाला हसणारी एकच व्यक्ती होती, आमच्या कुसुम सिस्टर. इस्पितळात सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही. पिंप्राळ्यात राहायच्या, स्कूटरवर यायच्या आणि जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की वॉर्डबॉयचे मोबाइल खिशात जायचे. अक्कांची रीत साधी होती. पंप सुरू झाला की मुलाला बोलतं ठेवायचं. कसंही नाही. पहिल्या दिवशी त्या मुलाला सांगायच्या, "तुन्हा दारपाईन निंघ आनि गल्लीमा कोनकोनना घर शेतस ते माले सांग बरं." मूल एकेक घर सांगायचं. अक्का ती यादी मनात पाठ करायच्या. पुढच्या वेळी तीच गल्ली पुन्हा. मी एकदा म्हटलं, "अक्का, तुम्हाला काय मतदारयादी करायचीय?" त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं यंत्र छातीवर लक्ष ठेवतं. मी जिभेवर ठेवते." मी हसलो. आता लिहिताना स्वतःचंच हसू येतं.

सात-आठ वर्षांपूर्वी भडगावकडच्या, गिरणेकाठच्या एका गावातून योगिता आली. दहा वर्षांची. गोठ्यात विजेवरचं कडबाकुट्टीचं यंत्र होतं. आजोबा कडबा कापत होते, ही पेंढ्या उचलून देत होती, आणि उजवा हात मनगटापर्यंत आत गेला. सर्जननं शक्य होतं ते सगळं केलं. जखम सुरेख भरत होती. पण आठ दिवसांनी पोरगी ओरडायला लागली की हात दुखतोय. कुठला हात? तर तोच.

घरच्यांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मी बोलावल्यावर गेलो. ती पलंगावर ताठ बसली होती. घामानं केस कपाळाला चिकटलेले. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "हात नही शे, हाई माले माहीत शे डाक्टर. पन दुखस. मूठ वळेल शे. नखे रुती ऱ्हायनात."

इतकं स्वच्छ वर्णन मी मोठ्या माणसांकडूनही ऐकलं नव्हतं. हात गेला तरी हाताचे तंतू आणि मेंदू यांना ते पटलेलं नसतं. तिची नसलेली मूठ आवळलेली होती आणि ती तिला उघडता येत नव्हती. पोटातून द्यायची औषधं सुरू केली, पण त्यांना गुण यायला वेळ लागतो. तोवर झोप नाही, खाणं नाही. आई खालच्या मजल्यावर तान्ह्या बाळाला घेऊन बसलेली. पलंगाशी दिवसरात्र आजोबाच, सगळे त्यांना आबा म्हणत. डोक्यावर पांढरी टोपी, गुडघ्यांवर हात, तोंडातून शब्द नाही. मी त्यांना आणि तिच्या आईवडिलांना सगळं समजावलं, धोकाही सांगितला. संमती घेतली. मग योगिताला माझ्या परीनं सोपं करून सांगितलं.

"ओठ बधिर झाले, तोंडात लोखंडाची चव आली, कानात घंटी वाजली, तर लगेच सांगायचं. तू सांगितलंस की मी लगेच हे बंद करतो. घाबरायचं नाही."

हे वाक्य मी त्या दिवशी मोठ्या प्रेमानं उच्चारलं होतं.

पहिला दिवस छान गेला. अक्कांनी गल्ली विचारली. योगिताच्या दारापासून गिरणेच्या काठापर्यंत एकोणीस घरं. शेजारची जिजाबाई, मग पिठाची गिरणी, मग दोन भावांची जोडघरं, नववं शिंप्याचं, चौदावं जिथे कुत्रं बांधलेलं असतं ते, आणि एकोणिसाव्याच्या पुढे उतार आणि नदी. अर्ध्या तासानं, बाराव्या की तेराव्या घराशी, ती बोलता बोलता थांबली आणि उजव्या बाजूच्या रिकाम्या चादरीकडे बघत म्हणाली, "अक्का, मूठ उघडी गई."

आबा उठले आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. पोरगी त्या दिवशी चार तास झोपली. मी स्वतःवर फार खूश होतो. घरी जाऊन बायकोला सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मूठ पुन्हा वळली. ठरल्याप्रमाणे एक दिवस सोडून आम्ही पुन्हा पंप लावला, मर्यादेच्या आतच पण थोडा वेग वाढवून. मी पायथ्याशी बसून कागद भरत होतो. चव? नाही. ओठ? नाही. घंटी? नाही. अक्का उशाशी गल्ली चालत होत्या. जिजाबाई झाली, गिरणी झाली. तेवढ्यात पंप थांबल्याची शिट्टी वाजली. मी मान वर केली तर अक्कांचं बोट पंपाच्या बटणावर.

"अक्का, काय करताय? आलेख व्यवस्थित आहे," मी जरा चिडूनच म्हणालो.

"डॉक्टर, पोरीनं शिंपी सोडला."

"काय?"

"आठव्या घरावरून दहाव्यावर गेली. मी म्हटलं, शिंपीनं घर? तर म्हणते, ते... ते शे ना... आणि जीभ जड झालीय. ऐका तुम्ही."

मी ऐकलं. आणि त्याच क्षणी योगिताच्या वरच्या ओठाचा कोपरा आपोआप फडफडला. एकदा, मग पुन्हा. मी ऑक्सिजन लावला, पांढरी बाटली हातात घेतली, झटक्याचं औषध भरून ठेवलं. त्यातलं काही वापरावं लागलं नाही. औषध थांबलं होतं, ते वेळेत थांबलं होतं. पंधरा-वीस मिनिटांत तिचं बोलणं मोकळं झालं. आणखी पाच मिनिटं पंप चालला असता तर मी ही गोष्ट दिवाळी अंकात लिहिली नसती.

मग मी विचारलं, "योगिता, लोखंडाची चव आली होती का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आबांकडे पाहिलं.

"तिले काय इचारतस, डाक्टर," आबा म्हणाले. त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. "तिनी माले परवाच सांगं व्हतं, आबा, तोंडमा लोखंड लागस. मीच म्हनं, चूप ऱ्हाय बेटा, सांगू नको. सांगं तं हाई बंद करी देतीन. तिनं रडनं माले देखवत नही."

मी उठून उभा राहिलो. मला ओरडायचं होतं. चाळीस वर्षांत इतका राग क्वचित आला असेल. तेवढ्यात आबा खाली बघून म्हणाले, "कुट्टीनं बटन मी दाबं व्हतं, डाक्टर. तिना हात आतमा शे हाई माले दिसनं नही."

योगितानं डावा हात पुढे करून आबांच्या बंडीचं टोक धरलं. अक्कांनी मला नजरेनं दाराबाहेर बोलावलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "या म्हाताऱ्यानं आज पोरीचा जीव घेतला असता."

अक्का शांतपणे म्हणाल्या, "तो तर अडाणी माणूस आहे. तुम्ही शिकलेले. तुम्ही पोरीला काय सांगितलं होतं? सांगितलंस की बंद करतो. डॉक्टर, आमच्या घरी पोरानं खरं सांगितलं की त्याचा मार चुकायचा. तुमच्याकडे खरं सांगितलं की दुखणं परत येतं. मग कोण सांगेल?"

मी इतकी पुस्तकं वाचली, धोके तोंडपाठ केले, पण त्या पोरीच्या बाजूनं माझंच वाक्य एकदाही ऐकलं नव्हतं. तिच्या लेखी मी म्हणालो होतो की खरं बोललीस तर तुझी मूठ मी पुन्हा आवळीन. त्याआधी कागदावर "नाही" लिहिलेल्या मुलांपैकी किती जणांनी लोखंड गिळलं असेल, हा विचार मला पुढे पुष्कळ दिवस छळत होता. त्यांना काही झालं नाही ते माझ्या हुशारीनं नाही.

सर्जनचं म्हणणं होतं की आता हा नाद सोडा. मीही सोडलाच असता. पण योगितानं दोन दिवस दुखणं काढलं आणि तिसऱ्या दिवशी राउंडला तिनंच विचारलं, "डाक्टर, पंप परत कव्हय?" तिच्या आईवडिलांशी पुन्हा बोललो, झालेली चूक लपवली नाही. मग अक्का पलंगावर तिच्याशेजारी बसल्या आणि त्यांनी तिच्याशी नवा करार केला. लोखंड लागलं की सांगायचं. मग पंप थांबेल, पण बंद होणार नाही. थोडं बसू, बरं वाटलं की आणखी हळू सुरू करू. आणि सांगितलं नाहीस तर मात्र कायमचं बंद. हे सगळं अहिराणीत. माझा कागद त्यांनी चार घड्या करून खिडकीच्या फटीत कोंबला, तिथून वारा यायचा.

आबांना अक्कांनी काम दिलं. "आबा, गल्ली तुम्हाले बी पाठ शे. बोटवर मोजा. एक घर चुकनं तं हात वर करा." मला हे काही पटलं नाही. ज्यानं तोंड दाबलं त्यालाच पहाऱ्यावर बसवायचं? अक्का म्हणाल्या, "त्याला बाहेर बसवलं तरी पोरगी त्याच्याकरता गप्पच बसेल." मी वाद घातला नाही. त्या आठवड्यात माझी वाद घालायची पत उरली नव्हती.

पंप सुरू झाला, आधीपेक्षा हळू. जिजाबाई. गिरणी. जोडघरं. आबांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून पुढे सरकत होता. शिंपी आला तेव्हा आम्ही तिघांनीही श्वास सोडला. अकराव्या घराशी तिचा चेहरा सैलावला. मला कळलं, मूठ उघडली. बारा. तेरा. चौदाव्या, कुत्र्याच्या घरापाशी ती थांबली. जीभ ओठांवरून फिरवली. आणि आबांकडे पाहिलं.

मी बघत होतो. मला जागेवरून उठता येत होतं, विचारता येत होतं, पंप माझ्या हातापासून दीड हातावर होता. अक्कांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. ती आपणहून सांगते की नाही, यावर तिचं पुढचं सगळं औषध अवलंबून होतं. ती गप्प राहिली असती तर मी तिला ते परत कधीच दिलं नसतं.

आबांची हनुवटी हलत होती. अंगठा चौदाव्या घरावर थांबलेला. ते म्हणाले, "सांग, बेटा."

"अक्का," योगिता म्हणाली, "लोखंड."

मी पंप थांबवला. आलेख ठीक, श्वास ठीक. मग आम्ही सगळे त्या रिकाम्या चादरीकडे बघत बसलो, मूठ परत वळते का म्हणून. अक्का जणू काही झालंच नाही अशा सुरात म्हणाल्या, "पुढलं कोनं घर?" योगितानं पंधरावं सांगितलं. सोळावं, सतरावं. शब्द स्वच्छ. एकोणिसावं घर झालं आणि उतार आला.

"मूठ?" मी विचारलं.

"उघडी शे," ती म्हणाली. "गिरनामा पानी शे."

मी रडलो असं अक्का सगळ्यांना सांगायच्या. मी एवढंच कबूल करतो की चष्मा पुसला.

त्यानंतर काही वेळा तिला तो पंप लागला, मग पोटातल्या औषधांनी जम बसवला आणि ती घरी गेली. सगळ्या मुलांचं असं झालं नाही. दोघा-तिघांना काहीच उपयोग झाला नाही आणि त्यांच्या आईवडिलांना तसं मला सांगावं लागलं. पण पंपाशी बसलेल्या प्रत्येक मुलाशी अक्कांचा करार झाला आणि प्रत्येकाची गल्ली आम्ही ऐकली. निवृत्तीच्या दिवशी भाषणात मी म्हणालो की माझ्या सर्व शिक्षकांमध्ये कुसुम अक्कांचा नंबर पहिला. लोकांना तो नम्रपणा वाटला. मी माहिती देत होतो.

यंदा उन्हाळ्यात मी धुळ्याला देवपूरच्या घरी होतो, तर अक्कांचा फोन. योगिता बारावी पास झाली आहे, आबांनी दोघांना बोलावलंय. भडगावहून रिक्षा केली. गावाशी आल्यावर रिक्षावाला म्हणाला, "कोनाकडे जानं शे?" मी म्हटलं, "आम्हाला नदीच्या काठावर सोडा. पुढचं आम्हाला माहीत आहे." तो चक्रावून बघत राहिला. आम्ही दोघं म्हातारे उतारावरून एकोणीस, अठरा, सतरा असं मोजत चढायला लागलो. कुत्र्याच्या घरी आता कुत्रं नव्हतं. शिंप्याच्या घरासमोर आम्ही दोघंही आपोआप थांबलो. दारात म्हातारा शिंपी मशीनवर बसला होता. दोन अनोळखी माणसं आपल्या घराकडे देवळाकडे बघावं तशी का बघताहेत हे त्याला कळेना. "काही शिवानं शे का?" त्यानं विचारलं. अक्का म्हणाल्या, "नही बाबा. तुम्ही आठेच, याच घरमा ऱ्हावा, एवढंच."

योगिता दारात उभी होती, उंच, ओढणी डाव्या हातानं सावरत. आईनं चहा आणि शेव आणली. आबा गोठ्याच्या तोंडाशी बाजेवर बसले होते, टोपी तीच. गोठ्यात यंत्र नव्हतं. सिमेंटच्या ओट्यावर त्याचे चार गंजलेले बोल्ट तेवढे वर आलेले होते.

मी सवयीनं विचारलं, "योगिता, हात दुखतो का गं?"

"दुखस," ती म्हणाली, लगेच, कोणाच्या तोंडाकडे न बघता. "थंडीमा. पन मूठ नही वळत आते."

चाळीस वर्षं मी हा प्रश्न विचारत आलो आणि "नाही" ऐकलं की बरं वाटायचं. त्या दिवशी "दुखस" ऐकून बरं वाटलं. मग आबांकडे वळून मी म्हणालो, "आणि आबा, तुमचं काय? काही दुखतंय-खुपतंय?"

"माले काय व्हनार शे डाक्टर," आबा म्हणाले. "बठ्ठं बेस शे."

योगिता त्यांच्याशेजारी बाजेवर जाऊन बसली. डाव्या हातानं तिनं त्यांच्या बंडीचं टोक धरलं.

"आबा, सांग ना," ती म्हणाली. "सांगं तरी कोनी बंद करनार नही शे."

आबांनी त्या चार बोल्टांकडे पाहिलं.

"दुखस," ते म्हणाले.